पुढची मोटार

तो प्रेताच्याही पुढे चालायचा. ही ऐकीव गोष्ट नाही, मी स्वतः पाहिलेली आहे. रेवदंड्याचे एक म्हातारे दुकानदार वारले होते. मडकं धरलेला मुलगा सर्वांत पुढे, त्यामागे तिरडी, त्यामागे आम्ही, असे रीतसर निघालो होतो. बाजाराच्या वळणावर बघतो तर हा गृहस्थ मडकं धरलेल्या मुलाच्याही चार पावलं पुढे! अंगात खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हात लष्करी थाटात मागेपुढे. मुलाच्या काकांनी कोटाला धरून त्याला मागे ओढलं आणि विचारलं, "अरं, तुला जालायला चाललोय काय आमी?" हा शांतपणे म्हणाला, "वाट मोकळी हाय का बघत होतो." लोक तोंडावर उपरणं धरून हसले. मला हसू आलं नाही. कारण वाटेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाला कुणाच्या मागे चालताच येत नसे.

त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या भावकीतलं कुणीतरी भांडायला यायचं, आणि तसंही नावाने त्याला ओळखत होतं कोण? धरमतरच्या धक्क्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत तो 'पैला नंबर'. मी आपोआपच दुसरा नंबर झालो. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा कुणा टवाळाने पेन्सिलीने तसं लिहिलं होतं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात सरकारी मोटारी अजून यायच्या होत्या. मुंबईची लाँच धरमतरला लागायची आणि उतारूंना अलिबागवरून रेवदंड्याला न्यायला आमच्या शेठच्या दोन मोटारी उभ्या असायच्या. जुनी हिरवी मोटार त्याची आणि त्यामानाने नवी पिवळी माझी. रस्ता तांबड्या मातीचा. पुढची मोटार धूळ उडवायची आणि मागच्या मोटारीतली माणसं ती नाकातोंडात घ्यायची. अलिबागला उतरेपर्यंत गोरा माणूसही तांबडा व्हायचा. त्यामुळे शहाणा उतारू धावत जाऊन पुढची मोटार पकडायचा, आणि माझ्याकडे यायच्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि सुकटाच्या टोपल्या.

सुरुवातीला आमच्यात उघड शर्यत असे. लाँचमधून माणसं उतरली की ज्याची मोटार आधी भरेल तो आधी निघे, आणि मागचा पोयनाडपर्यंत त्याला गाठायला जिवाचं रान करी. उतारूंचेही दोन पक्ष पडले होते. अलिबागचे एक वकील म्हणे मुंबईहून येताना लाँचमध्येच ठरवून टाकत, आज हिरवी की पिवळी. लोकांना त्यात मजा वाटे. आम्हाला तर त्याशिवाय अन्न गोड लागत नसे.

लढाईच्या काळात तो मिलिटरीत लॉरी हाकत होता. तिथून आणलेला तो खाकी कोट मे महिन्यातही अंगात. पायात चकचकीत बूट, पण मोटार हाकताना अनवाणी. बूट काचेजवळ समोर ठेवायचा, टोकं पुढच्या बाजूला करून. "पायानं मोटारीचं मन कळतं, चामड्यातून काय कळणार?" असं म्हणायचा. न्हाव्याकडे पहाटे जाऊन बसायचा, आणि चुकून आधी कुणी बसलेला असला तर दाढी तशीच वाढवून परत. लग्नात पहिल्या पंगतीला पान मिळालं नाही तर उपाशी घरी. विहिरीवर बायका पाणी भरताहेत तोवर थांबायला नको म्हणून त्याने एकदा आख्खा दिवस पाण्यावाचून काढला. बायको नव्हती. कुणीतरी मुलगी बघायला नेलं, तर मुलीच्या मोठ्या बहिणीचं आधी ठरायचंय हे ऐकून हा उठला आणि चालायला लागला! असल्या माणसाला काय म्हणणार तुम्ही?

अलिबागला पोचल्यावर तो माझ्या मोटारीजवळ यायचा, माझ्या काचेवरून एक बोट फिरवायचा, आणि ते तांबडं बोट माझ्या नाकासमोर धरायचा.

"बघ," म्हणायचा. "माझी हाय ही."

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. पण हेही सांगायला हवं की मोटार हाकायला मी त्याच्याकडूनच शिकलो. चढावर इंजिन दमलं की कान कुठे द्यायचा, उतारावर गियर कधी टाकायचा, हे त्याने शिकवलं, ओरडून ओरडून, कधी टप्पल मारून. एकदा पोयनाडजवळ माझं चाक बसलं, तर भरलेली मोटार रस्त्यात उभी करून तो अर्धा तास थांबला. त्याचे उतारू कटकट करायला लागले. मी म्हटलं, "दादा, तू जा ना पुढं."

"मागं कोणीच न्हाय तर पुढं जाऊन करू काय?" तो म्हणाला आणि जॅक फिरवायला बसला. मला त्याचं ते बोलणं फार आवडलं होतं. त्यात काय भयंकर आहे ते तेव्हा कळलं नाही.

मग होळीच्या सुमाराला शेठनी हुकूम काढला. शेठ अंगाने बारीक, बोलणं अर्धं गुजराती, धक्क्यावर छत्री लावून बसायचे. आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाले, "जुओ भाई, आजपासून शर्यत बंद. हिरवी पुढे, पिवळी मागे. रोज. पिवळीने हिरवीला ओलांडायचं नाही. ओलांडली, तर त्याच दिवशी घरी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मोटार माझी नवी, वेग माझा जास्त, आणि मी जन्मभर मागे? मी विचारलं, "का पण शेठ? आमचं काय चुकलं?"

"मारी मरजी," शेठ म्हणाले आणि छत्रीच्या दांड्याकडे बघत बसले.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो आभाळाकडे बघून गालात हसत होता. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की यानेच शेठच्या कानाला लागून हे करवून घेतलं.

त्यानंतरचे सात-आठ महिने मी धूळ खाल्ली, पावसाळ्यात चिखल. अक्षरशः खाल्ली. भाकरीतही मला ती लागायची. त्यात त्याचे नखरे वाढले. थांब्याच्या फर्लांगभर आधीच मोटार हळू करायची, खालच्या गियरात गुरगुरत आणायची, आणि अलिबागच्या थांब्यावर मुरमाचा ढीग होता त्यावर पुढचं चाक चढवून उभी करायची. कुणी विचारलं तर म्हणे, "पाहुण्याला पाट लागतो, तसा मोटारीलाही लागतो." अलिबागच्या अलीकडच्या कार्ल्याच्या खिंडीच्या उतारावर तर तो असा रांगत जाई की माझ्या मोटारीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आमी चालत पुढं जातो. मी स्वतः ड्रायव्हर. हे सगळं रोज समोर बघत होतो, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. हा माणूस मिरवतोय, हे माझं आधीच ठरलेलं होतं ना!

आश्विनात बातमी आली की दिवाळीनंतर या रस्त्यावर सरकारी मोटारी सुरू होणार, शेठचं काम बंद होणार, आणि आम्हा दोघांपैकी एकालाच सरकारी नोकरीत घेणार. एकालाच. माझं नुकतं लग्न झालेलं, घरात म्हातारा बाप. तो तर मिलिटरीतला, अनुभवाने मोठा, आणि सगळ्या जिल्ह्यात पैला नंबर. माझं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ड्रायव्हर पारखायला एक साहेब मुंबईहून लाँचने आले. शेठनी त्यांना नेमकं माझ्या मोटारीत, माझ्या शेजारी बसवलं. मला वाटलं, देव पावला. पाऊस संपून रस्ता नुकता वाळला होता, आणि निघाल्यापासून हिरव्या मोटारीची धूळ आमच्यावर येत होती. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसताना म्हणाले, "तुम्ही नेहमी मागेच असता का हो?"

बस्स. एवढंच म्हणाले. आवाजात रागही नव्हता. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

कार्ल्याच्या खिंडीपर्यंत मी स्वतःला आवरलं. खिंड ओलांडून उतार लागला, समोर हिरवी मोटार नेहमीसारखी रांगत होती, उजव्या बाजूला मोटार जाईल एवढी जागा होती. मी भोंगा वाजवला आणि घातली. शेजारून जाताना त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो हाताने मला मागे, मागे अशी खूण करत होता. मी हसलो. माझ्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या, सात-आठ महिन्यांची धूळ खाल्लेल्या माणसांनी! समोर स्वच्छ रस्ता बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही लपवत नाही.

उताराच्या खालच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. पंधरा-वीस असतील, चरून परत येत होत्या. मी ब्रेक दाबला, माझी मोटार थांबली. म्हशी सावकाश चालल्या होत्या. मागून भोंगा ऐकू आला आणि तो थांबेना. मी आरशात पाहिलं. हिरवी मोटार सरळ आमच्यावर येत होती, आणि तो बसलेला नव्हता, दोन्ही पायांवर उभा राहून सगळं अंग खाली दाबत होता. साहेबांनी माझा दंड धरला. पुढे म्हशी, मागे तो, माझ्या मोटारीत चोवीस माणसं. मला काहीसुद्धा करता आलं नाही. नुसता बघत राहिलो.

आमच्यापासून दहा-बारा हातांवर त्याने मोटार डावीकडे वळवली. बांध फोडून ती भाताच्या शेतात गेली, कापणीला आलेलं पीक चिरडत, मग चिखलात रुतली आणि हळूच एका कुशीवर आडवी झाली. आवाज फारसा झालाच नाही. मग माणसं ओरडायला लागली.

कुणी मेलं नाही. पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता, आणि रेवदंड्याच्या एका कोळणीचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. पन्नाशीची बाई, रोज डोक्यावर टोपली घेऊन जाणारी. ती हात धरून बांधावर बसली होती, रडत नव्हती, आणि सगळ्यांना सांगत होती, "त्यानं वलवली म्हनून वाचलो गं बाय. त्यानं वलवली म्हनून."

संध्याकाळी शेठ आले. मोटार बघितली, मला बांधाच्या आड नेलं आणि इतकी वर्षं कधी न दिलेली शिवी दिली.

"गाढवा! त्याला ब्रेक नव्हते!"

"काय?"

"होळीपासून नव्हते. कधी लागले तर लागले. त्याच्यासमोर दुसरी मोटार थांबली तर तो काय करणार? म्हणून तो पुढे आणि तू मागे. तुझे ब्रेक चांगले. साहेबाला तुझ्या मोटारीत का बसवला मग?"

मी बांधावरच बसलो. म्हटलं, "मग सांगायचं नाही मला?"

"गावभर झालं असतं. पोलिसांनी मोटार उभी केली असती. एक मोटार, एक ड्रायव्हर. तूच धाकटा, तूच घरी बसला असतास. मुंबईहून ब्रेकचं सामान मागवलं होतं, गणपतीच्या आधी आलंही. पण माप चुकलं म्हणून त्यानेच परत पाठवलं. काय करणार? नशीब."

शेठचं हे बोलणं ऐकून मी हादरलो. रोज भरलेली मोटार ब्रेकशिवाय खिंड उतरत होती आणि छत्रीखाली बसलेल्या या माणसाला ते ठाऊक होतं! पण त्याहूनही मी हादरलो ते पैल्या नंबराच्या विचाराने. ज्याला मी सात-आठ महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माझी नोकरी वाचवायला रोज जिवावर उदार होऊन पुढे जात होता. आणि पंचनाम्यात त्याने सांगितलं होतं, म्हशी आल्या नि पाय सटकला, चूक माझी. शेठचं नाव नाही, माझं नाव नाही. मी घरी जाऊन बायकोसमोर लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतर रोज अलिबागच्या इस्पितळात जाऊ लागलो. त्याला दाढी करून दिली, पेज भरवली. तो फारसं बोलायचा नाही. पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता. आठवड्याने म्हणाला, "खोलीवरून माझं धोतर नि सदरा आण. चावी शेजारी हाय."

त्याची खोली रेवदंड्याला, एका वाडीत सुपारीच्या झाडांमध्ये होती. एक खाट, एक घडवंची, भिंतीला मिलिटरीतला फोटो. कपड्यांची पेटी खाटेखाली असेल म्हणून वाकलो, तर आधी हाताला लाकडी खोका लागला. जड होता. पट्टी ठोकून बंद केलेला, वरचा लाँचचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. गणपतीच्या आधीची तारीख. कागदावर शेठचं नाव.

मी पट्टी उचकटली. आत ब्रेकचे पट्टे होते, तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेले, कोरे करकरीत.

मनाला म्हटलं, मापाचे नसतील. परत पाठवायचे राहिले असतील. आजारी पडला असेल, विसरला असेल. असं म्हणत म्हणतच मी खोका उचलून अलिबागला मिस्त्रीकडे नेला. हिरवी मोटार ओढून तिथेच आणून टाकली होती. मिस्त्रीने चाक उघडलं, पट्टा लावून बघितला.

"अगदी बरोब्बर," तो म्हणाला. "इतकं नेमकं सामान हल्ली मिलत न्हाय. कुठून आनलंस?"

मी पट्टे परत खोक्यात भरले. दोन महिने. दोन महिने हा खोका त्याच्या खाटेखाली होता, आणि तो त्याच्यावर झोपत होता, आणि सकाळी उठून ब्रेक नसलेल्या मोटारीत बायकापोरं भरून खिंड उतरत होता.

तसाच इस्पितळात गेलो. खोका त्याच्या खाटेवर ठेवला. तो दचकेल, निदान नजर चुकवेल असं वाटलं होतं. त्याने खोक्याकडे असं पाहिलं जसं कुणी आपली विसरलेली छत्री बघावी.

"सापडला व्हय?" म्हणाला.

"दादा, हे बसवलं का न्हाईस?"

"बसवलं असतं तर शेठनी हुकूम मागं घेतला असता."

"मग?"

"मग तू पुढं गेला असतास. तुझी मोटार नवी. मी कुठला गाठतोय तुला?"

इतक्या सरळ आवाजात म्हणाला की मला क्षणभर ते बरोबरच वाटलं. मग डोकं फिरलं. मी ओरडलो, "अरं, माणसं होती मोटारीत! मी तुला देवमाणूस समजत होतो. तुझ्यासाठी रडलो मी!"

"माणसं रोज पोचवली का न्हाय मी?" तो म्हणाला. "एक दिस सांग, न पोचवलेला."

"त्या दिवशी?"

त्याने छताकडे पाहिलं. मग कोपरावर जोर देऊन उठून बसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे चमकले.

"त्या दिशी तू शेजारून गेलास तवा मी दुसऱ्या गेरात होतो," तो म्हणाला. "दुसऱ्यातच ऱ्हायलो असतो तर मोटार आपसूक थांबली असती. रोज थांबते. पण तुझी धूळ आली रं तोंडावर. मला राहवेना. तुला परत गाठायला मी तिसरा टाकला."

मी बघतच राहिलो. उतारावर, ब्रेक नसताना, भरलेल्या मोटारीत, तिसरा. मला गाठायला!

"अजून एक फर्लांग मिळाला असता," तो म्हणाला, "तर गाठलाच होता तुला."

आणि इथे मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडात मारायला हवी होती, डॉक्टरांना हाक मारायला हवी होती, पोलीस पाटलाकडे जायला हवं होतं. मी म्हणालो, "गाठला असतास? तिसऱ्यात? चौथ्यात आला असतास तरी हाती लागलो नसतो मी."

"चल! वळणावर मी आतून घातली असती."

"आतून? आत खड्डा हाय. मी दाबला असता तुला."

"माझी चार वर्सं गेलीत या रस्त्यावर. खड्डा मला दाखवतोस?"

आमचे आवाज चढले. तो एका पायाचा माणूस चादरीवर बोटाने रस्ता काढून दाखवत होता, मी त्याचं बोट बाजूला सारून माझी रेघ काढत होतो, आणि दोघांच्याही तोंडाला फेस यायचा बाकी होता. खरं सांगू? गेल्या आठवड्याभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दारात कुणीतरी उभं आहे हे उशिरा ध्यानात आलं. तीच कोळीण. हाताचं प्लॅस्टर दाखवायला आली होती आणि उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर बोंबलाची चटणी असावी, वास येत होता. मोटार वळवून जीव वाचवणाऱ्या माणसासाठी तिने ती डाव्या हाताने थापून आणली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी चादरीवरचं बोट मागे घेतलं.

ती दोन पावलं आत आली. खोक्यातल्या कोऱ्या पट्ट्यांकडे बघितलं, चादरीवरच्या रेघांकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे.

"आनि माजा हात," ती म्हणाली, "कंच्या गेरात मोडला, त्यो पन सांगा."

त्याने तळव्याने चादरीवरच्या रेघा पुसल्या. माझ्या सदऱ्याच्या खिशात त्याच सकाळी आलेलं सरकारी नोकरीचं पत्र होतं, ते त्याला दाखवायचं म्हणून मी घेऊन आलो होतो. त्याला नाही, तिला नाही, मी ते कुणालाच दाखवलं नाही. भाकरी तिने खाली ठेवलीच नव्हती. फडकं छातीशी धरून ती आली तशी निघून गेली.